शोधात येऊ नये असं पान

चेन्नईत तू नेमकं काय काम करतेस, असं सासूबाई फोनवर विचारायच्या तेव्हा मी "कंप्युटरचं" एवढं सांगून मोकळी व्हायचे. खरं सांगायची सोयच नव्हती. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, खाली लेथ मशिनं घरघरतायत अशा एका शेडच्या वरच्या मजल्यावर आम्ही काही पोरंपोरी ओळीनं बसायचो आणि दिवसभर परक्या लोकांच्या ब्लॉगवर खोटं कौतुक लिहायचो. अमेरिकेतल्या कुणा बाईनं आपल्या मांजराबद्दल लिहिलं की खाली आम्ही लिहायचं, फार सुंदर लेख, खूप उपयोग झाला. आणि स्वतःच्या नावाच्या जागी चिकटवायची पाण्याचे पंप विकणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वेबसाइटची लिंक. मांजराचा आणि पंपाचा संबंध काय, तर काडीचा नाही. ती बाई ते वाचून चिडत असणार, पुसून टाकत असणार. आम्ही दुसऱ्या मांजराकडे वळायचो.

ह्या उद्योगामागे एक गणित होतं. वेबसाइट कुणाची भरवशाची आणि कुणाची नाही हे सर्च इंजिन कसं ठरवतं, तर तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या लिंका किती आणि त्या कुणाच्या दारातून येतात यावरून. गावात चार बरी माणसं एखाद्याचं नाव घेतात तेव्हा आपण त्याला घरात घेतो, तसंच. नवीन पान इंटरनेटवर आलंय हेसुद्धा त्याला अशा लिंकांमागे जाऊनच कळायचं. मग आमच्यासारख्यांनी जिथं तिथं लिंका चिकटवायचा सपाटा लावला तेव्हा सर्च इंजिनवाल्यांना वीट आला आणि त्यांनी नोफॉलो नावाची एक खूण काढली. लिंकेला ती खूण असली की वाचणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, बोट दाबलं की तो त्या पानावर जातो. पण सर्च इंजिनला त्यातून निरोप मिळतो की बाबा रे, हा माणूस माझ्या दारात बसलाय खरा, पण माझ्या ओळखीचा नाही, त्याच्या मागे जाऊ नकोस. ब्लॉगच्या कॉमेंटमध्ये टाकलेल्या लिंकांना ही खूण आपोआप लागायला लागली आणि आमचं सगळं काम एका फटक्यात पाण्यात गेलं. आमच्या साहेबांना हे पटलं नाही की पटूनही त्यांनी काणाडोळा केला, देव जाणे. गिऱ्हाइकांना कॉमेंटांचे जाडजूड अहवाल जात राहिले, आणि मी रोज सकाळी बसनं गिंडीला जाऊन मांजरांचं कौतुक करत राहिले.

नवरा गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्याची कंपनीची बस उजाडताच निघायची आणि तो परत यायचा तेव्हा बोलायचंही त्राण त्याच्यात नसायचं. आम्ही मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालक आणि त्यांची बायको. तंजावरकडचे मराठी लोक. त्यांना सगळी गल्ली मामा आणि मामी म्हणायची, आम्हीही तेच म्हणू लागलो.

मामा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बोलण्याची आम्हाला पहिल्यांदा फार गंमत वाटायची. कोणत्यातरी जुन्या बखरीतनं उठून आल्यासारखं मराठी, त्यात मधेच तमिळ, आणि सूर तर पूर्ण तमिळच. ते "मज ठाऊक आहे" म्हणायचे आणि मला हसू दाबावं लागायचं. माझं मराठी त्यांना उद्धट वाटायचं, हे त्यांनी नंतर सांगितलं. मला ते अम्मा म्हणत. तिकडे लेकीसुनांनाही अम्माच म्हणतात. मामी बोलायला कमी आणि खाऊ घालायला पुढे. पण मी तिथं गेले तेव्हाच त्यांचं हृदय थकलेलं होतं. पाय सुजायचे, उताणं झोपता यायचं नाही. दुपारभर त्या दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत बसायच्या.

त्या कुणाकडे बघतात हे कळायला मला वेळ लागला. त्यांना एक मुलगा होता. इंजिनिअरिंगला होता. आम्ही चेन्नईत येण्याच्या काही वर्षं आधी तो घर सोडून गेला होता. त्याचे पेपर राहिले होते. नापास झालेल्या पेपरला तिकडे अरियर म्हणतात, आणि ज्या घरात अरियर असतात त्या घरात दुसरा विषय नसतो. मामा जेवताना त्याला काहीतरी लागट बोलले. काय बोलले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पोरगा ताटावरून उठला, दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघाला, आईला "येतो" म्हणाला आणि गेला. पोलिसांत सांगून झालं, तमिळ पेपरात फोटो देऊन झाला, नातेवाइकांकडे विचारून झालं. कुठून काही कळलं नाही.

डॉक्टरांनी मामींचं आता फार धरून चालू नका असं सांगितलं, त्या आठवड्यात मामा वर आमच्या घरी आले. एरवी ते वर कधी येत नसत. खुर्चीच्या कडेवर बसले. मी कंप्युटरचं काम करते ना, लोकांच्या वेबसाइटा शोधात वर आणते ना, मग एवढं एक काम करशील का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या मनात होतं ते असं. मुलगा कुठेही असो, कंप्युटरवाला आहे, ब्राउझिंग सेंटरमध्ये बसणारच. आणि बसला की कधी ना कधी स्वतःचं नाव टाकून बघणारच. त्या वेळी त्याच्यासमोर आईबापांचं पान यायला हवं. आई आजारी आहे, घरी ये, एवढं त्याला दिसायला हवं.

मला रडू आलं आणि रागही आला. राग त्या पोराचा. पण मामांचं डोकं अचूक चाललं होतं हे मान्य करायला हवं. त्या मुलाचं नाव तंजावरच्या घराण्यांत अजून ठेवतात तसलं जुनं मराठी नाव होतं आणि त्याच्या अलीकडे तमिळ पद्धतीनं गावाचं आणि बापाचं आद्याक्षर. आडनाव नाहीच. असा माणूस जगात दुसरा असणं शक्य नव्हतं. कुणाशी स्पर्धा नव्हती. पान एकदा सर्च इंजिनच्या नोंदीत शिरलं की त्या नावाला ते पहिलंच येणार.

मी माझ्या स्वतःच्या थोड्याशा जागेवर ते पान बनवलं. मामांनी सांगायचं आणि मी इंग्रजीत लिहायचं असं ठरलं, कारण मुलाला मराठी बोलता यायचं पण वाचता यायचं नाही. वरती त्याचं पूर्ण नाव, मग फोटो, मग आईच्या आजाराचं. मामा सांगत होते आणि मामी आतून ऐकत होत्या. एवढ्यात भिंत धरत त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या की परीक्षेचं लिहिलंत का. मामी मला म्हणाल्या, "अम्मा, असें लिही. तुझे अरियर राहिले, तूं पास झाला नाहींस, त्याचें आतां कोणी कांहीं म्हणणार नाहीं. तसाच ये."

मामांना ते नको होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण बायकोपुढे त्यांचं काही चाललं नाही, आणि त्या म्हणत होत्या त्यात खोट कुठं होती. ज्यावरून पोरगा गेला तेच मिटलंय असं सांगितल्याशिवाय तो येणार कसा? मी ती ओळ घातली. पूर्ण पानात तीच एक ओळ आईची होती.

पान तर झालं, पण शोधात येईना. पान टाकलं म्हणजे ते दिसलं, असं होत नाही. त्याच्याकडे येणारी एक तरी चांगली लिंक लागते. सर्च इंजिनकडे पत्ता कळवायची एक सोय होती, तिथं मी कळवून बघितलं. देवळाच्या हुंडीत चिठ्ठी टाकावी तसं, पुढं काय होतं ते कुणाला माहीत. रोज मी ऑफिसात त्या मुलाचं नाव टाकून बघायचे आणि रोज उत्तर यायचं की असं काही सापडलं नाही. घरी आले की तिण्णैवर मामी. माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी चपला काढायच्या निमित्तानं खाली बघायचे.

मामांना मी एकदा ओझरतं सांगितलं होतं की लिंका लागतात. झालं. दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी स्नान, गंध आटपून, इस्त्रीचा सदरा घालून रस्त्याच्या टोकाच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन बसायला लागले. मला कुणी सांगितलं नाही. पुष्कळ दिवसांनी, सुट्टीच्या एका सकाळी, मी काहीतरी छापून आणायला तिथं गेले तर पलीकडच्या खुर्चीत मामा. चष्मा कपाळावर चढवून, एका एका अक्षराला बोटानं हुडकत टाइप करतायत. मी मागे जाऊन बघितलं. कुणा परदेशी माणसानं घरच्या बागेतल्या टोमॅटोबद्दल लिहिलं होतं. त्याखाली मामांनी इंग्रजीत लिहिलेलं होतं की आदरणीय महोदय, आपला लेख मी अथपासून इतिपर्यंत वाचला, टोमॅटोला पाणी सकाळी घालावे की संध्याकाळी याविषयीचे आपले मत मला पटले, आमच्या येथे उन्हाळा तीव्र असल्याने आम्ही दोन्ही वेळा घालतो. आता आपली परवानगी गृहीत धरून एक विनंती करतो. माझा मुलगा घरून गेला आहे. त्याची आई आजारी आहे. खालील पत्ता कृपया आपल्या येथे राहू द्यावा.

मुलाचं नाव त्यांनी कुठंच लिहिलेलं नव्हतं. चारचौघांत पोराचं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. नुसता पानाचा पत्ता. क्रिकेटच्या ब्लॉगवर, रेल्वेच्या, हार्मोनियमच्या, कुठं कुठं. आणि प्रत्येक ठिकाणी लेख पूर्ण वाचून. आम्ही गिंडीत दिवसाकाठी ढिगानं कॉमेंट टाकायचो त्यातला एकही लेख आम्ही वाचलेला नसायचा.

मी कपाळावर हात मारला. आता हे सगळं फुकट आहे असं त्यांना सांगायचं कुणी? मीच. तिथंच बाजूच्या स्टुलावर बसून मी त्यांना पानाच्या मागचा मजकूर उघडून दाखवला. हा तुमचा पत्ता, आणि ही बघा त्याला लागलेली खूण. सर्च इंजिन इथवर येतं, तुमचे टोमॅटो वाचतं, पण पत्त्यापाशी आलं की तोंड फिरवून निघून जातं. तुमचं पान आहे हे त्याच्या लेखी धरलंच जात नाही. अशा कितीही ठिकाणी टाकलंत तरी शून्य ते शून्यच.

मामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, ती खूण नीट बघितली. मग म्हणाले, "पण वाचणारा मनुष्य जाऊं शकतो कीं नाहीं?"

जाऊ शकतो, मी म्हटलं.

"मग बरें," ते म्हणाले आणि पुन्हा टाइप करायला लागले.

मी वैतागले. अहो मामा, तुमचा मुलगा टोमॅटोचा ब्लॉग कशाला वाचेल, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. त्यांच्या बहुतेक कॉमेंट त्या ब्लॉगवाल्यांनी पुसूनही टाकल्या होत्या, ते मी त्यांना सांगितलं नाही. एरवी आमच्यासारख्यांच्या कचऱ्यानं हैराण झालेली माणसं ती, एक म्हातारा खरंच सगळं वाचून लिहितोय हे त्यांना कसं कळावं.

त्यातून वाट निघाली ती मामींमुळे. बोलता बोलता त्यांना आठवलं की मुलाच्या वर्गातला एक मुलगा घरी यायचा, डोशाला चटणी नको म्हणायचा. मामांनी त्याचं नाव, गाव हुडकून काढलं. तो कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट सांभाळत होता. मी फोन केला. बिचारा लगेच तयार झाला आणि त्यानं आमच्या पानाची लिंक त्यांच्या पहिल्याच पानावर लावली, साधी लिंक, कसलीही खूण नसलेली. कॉलेजचं नाव जुनं, सर्च इंजिनचा त्या साइटवर भरवसा. एवढी एकच ओळख पुरली. थोड्याच दिवसांत मी ऑफिसात नाव टाकलं आणि पहिल्याच ओळीत आमचं पान. खाली बारीक अक्षरांत पानातलीच दोन वाक्यं दिसत होती, त्यात मामींची ओळ होती.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी आले. मामींना सांगितलं तेव्हा उठून त्यांनी केस विंचरले, शेजारणीकडून फुलं मागवून माळली. मामांनी मला फिल्टर कॉफी स्वतः करून दिली. ते दिवस त्या घरात मी पाहिलेले सगळ्यात चांगले दिवस. गेटाचा आवाज झाला की दोघंही मान वर करायची. मामी भिजत घातलेले डाळतांदूळ वाटून ठेवायला सांगायच्या, न जाणो संध्याकाळच्या गाडीनं आला तर. मलाही खुळ लागलं. मी जिन्यावरून उतरताना रस्त्यावर नजर टाकून घ्यायचे.

पानावर संपर्कासाठी माझाच मेलचा पत्ता होता. एका दुपारी ऑफिसात त्याचा मेल आला. इंग्रजीत, जेमतेम काही ओळी. ना नमस्कार, ना खाली नाव. त्याला एका कंपनीत काम लागलं होतं. डिग्री पूर्ण झाली आहे असं त्यानं तिथं सांगितलं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी त्याचं नाव टाकून बघितलं, आणि पहिल्याच ओळीत त्याच्या बापानं जगाला सांगितलेलं होतं की तो पास झालेला नाही. त्याला काढून टाकलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ते पान काढा. मला शोधू नका.

मी ते वाचलं. खालची मशिनं चालूच होती, टेबल थरथरत होतं. मेल छापून घेतला आणि घरी आले. मामींचा डोळा लागला होता. मामांना वर बोलावलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"आईचें कांहीं विचारिलें नाहीं," ते म्हणाले.

नाही, मी म्हटलं.

मग माझा तोल गेला. मी वाट्टेल ते बोलले. कसला हा पोरगा, आई दाराशी बसून झिजतेय आणि ह्याला नोकरीची पडलीय, खोटं बोलून लागलेली नोकरी, ती जायचीच होती. मामांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले की तो जिवंत आहे, नोकरीला लागण्याएवढा बरा आहे, हे कळलं ना. आणि आपण त्याचं पोट मारलं, हेही कळलं. आता तो म्हणतो तसं करायचं.

पण त्यांना पान पूर्ण पुसायला नको होतं. त्याला पत्ता ठाऊक झाला आहे, उद्या राग ओसरल्यावर त्यानं उघडून बघितलं आणि तिथं काहीच नसलं तर? मग आम्ही असं ठरवलं. त्याचं नाव, फोटो, परीक्षेची ओळ, सगळं काढायचं. घराचा फोन आणि आईच्या तब्येतीची एक ओळ, एवढंच ठेवायचं. आणि पानावर सर्च इंजिनसाठी हुकूम लिहायचा की हे पान शोधात दाखवू नये. ज्याला पत्ता माहीत आहे त्यालाच ते दिसेल. कॉलेजच्या मुलाला फोन करून ती लिंकही काढायला लावली. त्यानं कारण विचारलं नाही.

काढायचं म्हटलं तरी ते लगेच निघत नाही. सर्च इंजिननं पानाची स्वतःची एक प्रत करून ठेवलेली असते. ते पुन्हा फिरकून नवा हुकूम वाचेपर्यंत जुनी ओळच दाखवत राहतं. मी आतापर्यंत पान दिसावं म्हणून रोज नाव टाकून बघत होते, आता दिसू नये म्हणून बघायला लागले. तीच ओळ, तसाच ये अशा अर्थाची. मला तिची शिसारी यायला लागली. मामा रोज संध्याकाळी जिन्याखाली उभे राहून भुवया उंचावून विचारायचे आणि मी मान हलवायचे. अखेरीस एका सकाळी पुन्हा उत्तर आलं की असं काही सापडलं नाही. मी खाली जाऊन सांगितलं. मामांनी हात जोडले. कुणाला, ते मला कळलं नाही.

मामींना काय सांगायचं हा प्रश्न होता. त्यांच्यापासून लपवणं शक्य नव्हतं, कारण मेल आल्याचं मामांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. मामांनी त्यांना सांगितलं की मुलानं पान पाहिलं, तो सुखरूप आहे, नवीन काम शोधतो आहे, सवड झाली की येईल. मी तिथंच उभी होते. मामी पंख्याखाली तीन उश्यांना टेकून बसल्या होत्या.

"परीक्षेचें वाचिलें का त्यानें?" त्यांनी विचारलं.

"वाचिलें," मामा म्हणाले.

"मग बरें झालें," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्या हसत होत्या. मी तिथून निघून वर आले आणि स्वयंपाकघरात तोंडावर पदर दाबून रडले. त्या घरात पुढं कुणी त्या ओळीचा विषय काढला नाही, आणि मामींना जाईपर्यंत असंच वाटत राहिलं की आपण सांगितलेल्या वाक्यानं पोराच्या मनातली अढी गेली.

मामांच्या सांगण्यावरून मी त्याला उलट मेल लिहिला. पान काढलंय, आईचं बरं नाही, एवढाच. रागाचा एक शब्द घातला नाही, मामांनी बजावलंच होतं. उत्तर नाही. मामी गेल्या त्या दिवशी सकाळी मी पुन्हा लिहिलं तर मेल परत आला. त्यानं तो पत्ताच बंद केला होता. अग्नी मामांनीच दिला. स्मशानातून आल्यावर ओल्या पंच्यानंच ते तिण्णैवर बसून राहिले, कुणी आत चला म्हटलं तरी उठेनात.

तेरावं झाल्यावर मी त्यांच्याशी बोलायला खाली गेले. मला झोप लागत नव्हती. आई मेल्याचं त्या मुलाला माहीत नाही, आणि माहीत करून द्यायचा एक मार्ग माझ्या हातात होता. पानावर त्याचं नाव परत घालायचं, शोधात दाखवू नये हा हुकूम पुसायचा, कॉलेजची लिंक पुन्हा लावायला सांगायची. थोड्या दिवसांत पहिल्या ओळीत येईल. परीक्षेचं काही लिहायचं नाही, फक्त आई गेली एवढंच. हे मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मुलाला आईचं सुतक कळायला नको का, असंही विचारलं. जरा चढ्या आवाजातच.

मामा म्हणाले, "तिच्या बोलानें त्याचें काम गेलें. आतां तिच्या मरणानें नको. नवीन ठिकाणीं काय सांगून राहिला आहे, आपणांस काय ठाऊक? मज नको, अम्मा. पोदुम."

पुरे, असं म्हणाले ते. मी पुरे केलं. पण त्यांनी एक मागितलं. ते जे लपलेलं पान आहे, त्यावर मामी गेल्याची ओळ घालायची, तिथी लिहायची, म्हणजे त्याला कधी वाटलंच तर श्राद्ध करता येईल. मी घातली. नाव नाही, फोटो नाही, शोधात नाही. त्या पत्त्याशी काही देणंघेणं असलेली जगात आम्ही माणसं तीन, त्यातला एक बघेल की नाही याचा पत्ता नाही.

त्यानंतर मामा काही दिवसांआड विचारायचे की पान कुणी उघडलं का. पानावर कोण येऊन गेलं याची नोंद मला दिसत असे. मी एकदोनदा बघते म्हणून टाळलं. मग आमची बदली ठरली, सामान बांधायला काढलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी मामा वर येऊन पुन्हा त्या खुर्चीच्या कडेवर बसले. या वेळी टाळता आलं नाही. मी त्यांच्यासमोर कंप्युटर उघडला. मामी गेल्यापासून माणूस म्हणावं असं त्या पानावर कुणी आलेलं नव्हतं. पण भेटी होत्या. सर्च इंजिनचं यंत्र येत होतं. आपला हुकूम अजून जागेवर आहे का, पान अजून लपवायचंच आहे का, हे बघायला ते अधूनमधून येतं, पूर्ण पान वाचतं आणि काही न करता निघून जातं. मी मामांना तसं सांगितलं. हेही म्हटलं की तुम्हाला त्रास होत असेल तर त्यालाही बंदी करता येते, फाटकाबाहेरूनच परत जाईल असं करता येतं.

मामा पडद्यावरच्या त्या ओळी बघत राहिले.

"तें ही ओळ वाचतें?" त्यांनी विचारलं.

वाचतं, मी म्हटलं.

"मग येऊं दे, अम्मा," मामा म्हणाले. "बंद करूं नको. दुसरें कोण येतें आहे."